कचेरीच्या आवारातील अणुचाचणी

“हा अर्ज रस्ता मागण्यासाठी आहे की रस्ता नाकारण्यासाठी?” नायब तहसीलदार मॅडमनी विचारले.

मी अर्ज हातात घेतला. तीन पाने होती. भाषा माझी होती, हे पहिल्याच ओळीवरून ओळखले. शेवटपर्यंत वाचले आणि उत्तर दिले, “मॅडम, दोन्हींसाठी.”

प्रथम माझ्याविषयी आवश्यक तेवढे सांगतो. मी अर्जलेखक आहे. तहसील कचेरीच्या आवारात, पश्चिमेकडील पत्र्याच्या शेडखाली, माझे टेबल गेली बावीस वर्षे आहे. कचेरीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. माझे शालेय शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढील शिक्षण याच आवारात झाले. माझ्या मसुद्यांबद्दल दोन तहसीलदारांनी बदलीच्या वेळी जाहीर समाधान व्यक्त केले होते. आधी टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर आणि प्रिंटर आहे. यूपीएसही आहे, परंतु त्याची बॅटरी त्या उन्हाळ्यात फुगली होती.

आता प्रकरण. हणमंतराव आणि विलासराव हे सख्खे भाऊ. थोरले हणमंतराव उसाची शेती करतात. धाकटे विलासराव फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. थोरल्यांच्या शेतात ट्रॅक्टर जायचा तर धाकट्यांच्या उसाच्या शेतातून जावा लागतो. त्यावरून नऊ वर्षे दोघांत बोलणे नव्हते. एका सकाळी हणमंतरावांनी माझ्याकडून अर्ज लिहून नेला: रस्ता मिळावा. त्याच दुपारी विलासराव आले: रस्ता देऊ नये. दोघांचा अर्जलेखक मीच, हे दोघांनाही ठाऊक होते. त्यात गैर काही नाही. कैफियत ज्याची त्याची असते. व्याकरण माझे असते.

गाव तेच, गट नंबर तेच, नावे तीच. म्हणून मी नवीन फाईल न उघडता सकाळचीच फाईल उघडली, मजकूर बदलला आणि त्याच नावाने सेव्ह दाबले. त्याच क्षणी लाईट गेली. वीस मिनिटांनी आली. फाईल उघडली, प्रिंट काढली, सुभेदारांनी तिन्ही पानांवर सह्या केल्या आणि अर्ज आवक खिडकीत दिला. मी तो पुन्हा वाचला नाही. आपणच लिहिलेले आपण काय वाचायचे, असे तेव्हा माझे मत होते.

मॅडमनी मोठ्याने वाचून दाखवले ते असे: “सदर रस्ता देण्यास माझी सक्त हर… इथे हा चौकोनी ठोकळा काय आहे? असो. …तीन पिढ्यांची वहिवाट असल्याने सदर रस्ता तात्काळ खुला करून मिळावा, ही नम्र विनंती. आपला विश्वासू… आणि खाली सही विलासरावांची.”

दोन्ही भाऊ समोर उभे होते. हणमंतरावांचा चेहरा खुलला होता.

“सही त्याचीच हाय न्हवं? मग द्या की रस्ता. आमी कुटं न्हाई म्हनतोय?”

“ह्यो डाव हाय, मॅडम!” सुभेदार गरजले. “आवं, ह्या रायटरला फितवलाय त्यांनी. मी फौजेत काय गवत उपटत हुतो व्हय?”

मी मध्येच लाईट गेल्याचे सांगितले. मॅडम माझ्याकडे वळल्या. त्या आवाज चढवत नाहीत. त्यामुळे अधिक भीती वाटते. “तुमच्या परवान्याचं नूतनीकरण माझ्या टेबलावर आहे. ही लबाडी तुमची नाही, मशीनची आहे, असं म्हणता ना? शुक्रवारपर्यंत सिद्ध करा. नाही तर टेबल उचला.”

बावीस वर्षांचे टेबल. मी शेडखाली येऊन बसलो आणि माझ्या स्वतःच्या बचावाचा अर्ज लिहायला घेतला. “विषय” या शब्दापुढे मला काही सुचेना. असे पूर्वी कधी झाले नव्हते.

तेव्हा प्रज्ञा आली. ही हणमंतरावांची मुलगी. कराडला इंजिनिअरिंग केले, पुण्याच्या कंपनीत नोकरी, काही दिवस घरून काम करीत होती. तिचे कामच हे: कॉम्प्युटर डिस्कवर फाईली कशा मांडून ठेवतो, त्या व्यवस्थेला फाईल सिस्टिम म्हणतात, आणि ही पोरगी त्या व्यवस्थेच्या परीक्षा घेते.

तिने अर्जावरील ठोकळ्यावर बोट ठेवले. “काका, हा तुम्ही टाइप केला?”

“असले अक्षर मराठीत नाही.”

“तोच पुरावा आहे. डिस्क लिहिते ती तुकड्यातुकड्यांनी. पहिले तुकडे नव्या अर्जाचे लिहून झाले आणि लाईट गेली. पुढचे जुन्याच अर्जाचे राहिले. तुकडा संपला तो एका अक्षराच्या मध्येच. हा ठोकळा म्हणजे फाटलेलं अक्षर.”

बावीस वर्षांत माझ्या अक्षराला कोणी नाव ठेवले नव्हते. ते फाटले, हे ऐकून वाईट वाटले. परंतु टेबल वाचण्याची आशाही वाटली.

यावर उपाय काय, असे विचारता तिने “अ‍ॅटमिक राईट” असा शब्द सांगितला. अ‍ॅटम म्हणजे अणू; ज्याचे तुकडे होत नाहीत अशी वस्तू, असा त्याचा जुना अर्थ. लिहिणे असे व्हावे की ते मध्येच तुटू नये. लाईट केव्हाही जावो, फाईलमध्ये एक तर सगळा जुना मजकूर सापडावा, नाही तर सगळा नवा. अर्धामुर्धा कधीच नाही. त्यासाठी चांगली व्यवस्था जुन्या मजकुरावर लिहीत नाही. ती नवी प्रत वेगळ्या कोऱ्या जागी पूर्ण लिहिते आणि मगच आपल्या नोंदवहीतला त्या फाईलच्या जागेचा क्रमांक एका फटक्यात बदलते.

“म्हणजे पक्की प्रत पुरी झाल्याखेरीज कच्चा मसुदा फाडायचा नाही,” मी म्हणालो.

“बरोब्बर!”

“टाइपरायटर होता तोवर मी हेच करीत असे.”

“मग तुम्ही टाइपरायटरवर अ‍ॅटमिक होता, काका,” ती म्हणाली. हे वाक्य मी लक्षात ठेवले आहे.

हे चाचणी घेऊनच दाखवू, असे प्रज्ञाने सुचवले. मॅडमनी तोंडी परवानगी दिली, पण अटी घातल्या. चाचणी कचेरीच्या आवारात, सर्वांसमक्ष व्हावी. अ आणि ब अशी खोटी अक्षरे भरून चालणार नाही. दोन्ही भावांचे खरे अर्जच वापरावेत. आणि लेखी अर्ज द्यावा. प्रज्ञा म्हणाली, कंपनीत आम्ही लाईट गेल्याचं नाटक प्रोग्रामनेच करतो. मॅडम म्हणाल्या, नाटक पंचनाम्यात बसत नाही, प्लग ओढा.

लेखी अर्ज अर्थातच मी लिहिला. सरकारी अर्जात इंग्रजी शब्द शोभत नाही, म्हणून विषय असा मांडला: “कचेरीच्या आवारात अणुलेखन चाचणी घेण्यास परवानगी मिळणेबाबत.” खालच्या मजकुरात तोच शब्द आटोपशीर करून “सदर अणुचाचणी” असा वापरला. आणि शेवटी नित्याप्रमाणे लिहिले: प्रत माहितीसाठी, पोलीस ठाणे, प्रत माहितीसाठी, अग्निशमन विभाग, प्रत माहितीसाठी, ग्रामीण रुग्णालय. आवारात कोणताही जाहीर कार्यक्रम असला की मी या तीन प्रती पाठवतोच. आजवर कोणी तक्रार केली नव्हती. कारण आजवर कोणी त्या वाचल्या नव्हत्या, असे आता वाटते.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता आगीचा बंब फाटकात आडवा उभा राहिला. त्याच्यामागे ॲम्ब्युलन्स. त्यांच्या मधून वाट काढीत एक हवालदार आले. सातबाऱ्यासाठी आलेली माणसे कंपाउंडबाहेर जाऊन रस्त्यापलीकडे उभी राहिली. पण घरी गेले कोणीच नाही.

“अणुबॉम्ब कुटं हाय?” हवालदारांनी विचारले.

प्रज्ञाने तळहाताएवढी डिस्क दाखवली.

“एवढासाच?” त्यांची थोडी निराशा झाली. “माणसं किती लांब हुबी करू?”

“कुठंही उभी करा. फक्त वायरीवर पाय देऊ नका.”

मॅडम बाहेर आल्या. त्यांनी बंब पाहिला, ॲम्ब्युलन्स पाहिली, मग मला पाहिले. “या प्रती कोणी पाठवल्या?”

“मी. नियमाने.”

त्यांनी डोळे मिटले आणि खुर्ची मागवली.

चाचणीची पद्धत सोपी होती. प्रज्ञाचा एक छोटा प्रोग्राम थोरल्यांचा अर्ज आणि धाकट्यांचा अर्ज आलटून पालटून एकाच फाईलमध्ये लिहीत राहणार. मध्येच प्लग ओढायचा. पुन्हा लावायचा, मशीन सुरू करायचे आणि फाईलमध्ये काय उरले ते पाहायचे. माझ्या जुन्या डिस्कवर चाळीस वेळा, तिने आणलेल्या, अ‍ॅटमिक व्यवस्था बसवलेल्या नव्या डिस्कवर चाळीस वेळा. हवालदार मोजणार. पंचनामा मी लिहिणार.

तोच सुभेदारांनी हरकत घेतली. “पोरगी त्यांची हाय. प्लग मी ओढनार.”

“मग लावनार मी,” हणमंतराव म्हणाले. “ह्याच्या हातात दोनी कामं न्हाई द्यायची.”

मॅडमनी तसे मंजूर केले. एक भाऊ ओढणार, दुसरा लावणार. एकमेकांशी बोलत नसल्याने पहिला काही वेळ ते हवालदारांमार्फत चालले. “त्यास्नी सांगा, लावा.” “त्यांना सांगा, लावलाय.” पंधरा-सोळा वेळांनंतर हवालदार कंटाळले. “आवं, तुमीच सांगा की एकमेकास्नी! मी मोजू का निरोप दिऊ?”

सतराव्या वेळी सुभेदार प्लग धरून उभेच राहिले. हणमंतरावांच्या तोंडून निघून गेले, “ओढ की रं!”

नऊ वर्षांनी पहिला शब्द. मी तो पंचनाम्यात लिहिला नाही. तो तांत्रिक बाबींत बसत नव्हता.

जुन्या डिस्कवर अर्ज फाटू लागले. प्रत्येक फाटका नमुना मी नियमाप्रमाणे मोठ्याने वाचत होतो. “माझे वडीलबंधू अत्यंत हेकट स्वभावाचे असून… ठोकळा… अर्जदारास रस्ता देणे न्यायाचे होईल.” रस्त्यापलीकडची माणसे आता आत आली होती आणि हसत होती. बंबावरची माणसे टपावर बसून ऐकत होती. ॲम्ब्युलन्स केव्हाच परत गेली होती.

मॅडमनी अकरा फाटके नमुने पाहिल्यावर सांगितले, “तुमच्यावरचा संशय गेला. चाळीस पूर्ण करा, कागद नीट राहील.” मला घाम पुसायला हवा होता, पण हातात पेन होते.

तेहतिसाव्या वेळी जो नमुना निघाला तो मी वाचला: “उभ्या उसातून रस्ता देण्यास माझी सक्त हरकत आहे… ठोकळा… निदान ओढ्याकाठच्या बांधाने तरी ट्रॅक्टर जाईल एवढी वाट मिळावी.”

कोणी हसले नाही. मॅडम खुर्चीत पुढे झुकल्या. “परत वाचा.”

मी परत वाचले.

सुभेदार प्लग हातात धरून माझ्याकडे पाहू लागले. “ह्ये कुनाचं म्हननं?”

“ठोकळ्यापर्यंत आपले. ठोकळ्यानंतर त्यांचे.”

ते भावाकडे वळले. “बांधानं चालंल, आसं तू कवा म्हनालास?”

“अर्जातच लिवलंय की. तिसऱ्या पानावर. तू वाचलास कवा?”

“तुझा अर्ज मी कशाला वाचू?”

“आन तुजा मी?”

सुभेदारांनी प्लग खाली ठेवला. मग म्हणाले, “बांध मोकळाच हाय गड्या. ऊस मोडायचा न्हाई, एवढंच माजं म्हननं हुतं. तू नऊ वर्सं उसातनंच मागत हुतास.”

“पयल्यांदा तेवढंच मागितलं. मग तू बोलायचाच बंद झालास. सांगू कुनाला?”

मॅडमनी तिथल्या तिथे जबाब घ्यायला लावले. मी लिहिले, दोघांनी सह्या केल्या. या वेळी सही करण्यापूर्वी दोघांनीही पूर्ण कागद वाचला, ओठ हलवीत, शेवटच्या ओळीपर्यंत.

त्यानंतर नव्या डिस्कवरच्या चाळीस फेऱ्या झाल्या. कोणाला आता त्यात रस नव्हता. पण पंचनामा अर्धा ठेवता येत नाही. सुभेदारांनी ओढले, हणमंतरावांनी लावले. एकाही वेळी अर्ज फाटला नाही. कधी सगळा थोरल्यांचा निघाला, कधी सगळा धाकट्यांचा. ठोकळा एकही नाही.

“उत्तम डिस्क आहे,” मॅडम प्रज्ञाला म्हणाल्या. “पण आज सकाळी हिच्यावर सुरुवात केली असती, तर तुमच्या घरची तडजोड झाली नसती.”

“तडजोड न करणं हेच तिचं काम आहे, मॅडम,” प्रज्ञा म्हणाली.

मी आता नवी डिस्क वापरतो. यूपीएसची बॅटरी बदलली. जुनी डिस्क टेबलाच्या खणात ठेवली आहे. भाऊबंदकीचे पक्षकार कधीकधी हळूच विचारतात, “त्या फाटक्या डिस्कवर आमचा अर्ज लिवा की.” मी नकार देतो. निकाल देणे माझ्या अधिकारात नाही.

पुढच्या आठवड्यात परवान्याचे नूतनीकरण हाती आले. चार अटी होत्या. पहिल्या तीन नेहमीच्या. चौथी मॅडमनी स्वतः घातलेली: “परवानाधारकाने कचेरीच्या आवारात यापुढे कोणत्याही स्वरूपाची अणुचाचणी घेऊ नये, व तशी प्रत कोणासही माहितीसाठी पाठवू नये.”

या प्रकरणातून घेण्यासारखे एकच आहे. लिहिणाऱ्याने लिहिलेले वाचावे; ज्याच्याविरुद्ध लिहिले त्यानेही वाचावे; आणि छापून आलेला कागद तर कोणाचाही असो, शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावा. परवाना मी तसाच वाचला. ठोकळा कुठेही नव्हता. चौथी अट पूर्ण छापली गेली होती.