अण्णांचा प्लेग

चार माणसं मिळून एखादं काम करायला लागली की काम हळूहळू पुढं सरकतं आणि किस्से भराभर साचतात. आमच्या ग्रुपनं सगळ्या आयुष्यात एकच फिल्म काढली. फिल्म जेमतेम तासाभराची, किस्से मात्र आठवडाभर पुरतील. आता निम्मे लोक मुलांकडं पुण्याला गेले, वडगावातले विणकरांचे कितीतरी माग बंद पडले. पण कुणी गावाकडं आलं की चहाच्या दुसऱ्या घोटाला "उंदरांचं आठवतंय का रं?" सुरू होतं. मला हसू येतं आणि थोडं गलबलूनही येतं.

फिल्म अण्णांची. अण्णा म्हणजे शहापुरातले रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर. चारशे वर्षांपूर्वीचं गाव, गावात प्लेग, आणि प्लेग हिनंच आणला म्हणून एका बाईला चेटकीण ठरवणारे गावकरी, अशी भीतीची गोष्ट त्यांच्या डोक्यात वीस वर्षं होती. ती काढायला घेतली आणि त्याच महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाच्या तीन नळ्या बंद आहेत, बायपास करून घ्या.

अण्णा म्हणाले, "आधी फिल्म."

त्या दिवसापासून अण्णांच्या बायकोनं, म्हणजे सुशीलावहिनींनी, आमच्याशी बोलणं टाकलं. चहा मात्र चालू ठेवला. कप जरा आपटून ठेवायच्या, एवढंच. मी कोर्टात टायपिस्ट. कुठल्या सीनला कुणाच्या अंगावर काय होतं ते लिहून ठेवायचं काम माझ्याकडं होतं. कॅमेरा लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या प्रकाशकडं.

*

फिल्म अंधश्रद्धेच्या विरोधात, म्हणून मुहूर्ताला नारळ फोडायचा नाही, अशी अण्णांनी सक्त ताकीद दिली होती. मग अण्णांना फोन आला आणि ते बोलत बोलत झाडापर्यंत गेले. तेवढ्यात प्रकाशनं कॅमेऱ्यामागं नारळ फोडला. अण्णा परत फिरलेले दिसले तसे आम्ही घाईघाईनं तुकडे तोंडात कोंबले.

अण्णांनी लगेच "ॲक्शन" दिली. त्यामुळं आमच्या फिल्मच्या पहिल्याच शॉटमध्ये उपासमारीनं गांजलेलं अख्खं गाव काहीतरी चावतंय.

*

कपड्यांसाठी जाडंभरडं, विरलेलं कापड हवं होतं. वडगावचे परशुराममामा हातमागावर साड्या विणायचे. त्यांना अण्णांनी समजावलं, "मामा, गरीब लोकांचं कापड पाहिजे. मधे मधे धागा सुटलेला, भोकं पडलेली."

मामा चार दिवसांनी कापड घेऊन आले. एक धागा इकडचा तिकडं नाही, आणि वर बारीक लाल काठ!

"मामा, भोकं?"

मामा खाली मान घालून म्हणाले, "लई बगितलं करून मास्तर. हातच ऐकंना. चाळीस वर्सं झाली, वाईट कसं विणायचं ते ठावंच न्हाय."

मग आम्हीच ते कापड दगडावर घासून फाडलं. संध्याकाळी मामा म्हणाले, धुऊन आणतो. सकाळी शूटिंगला बघतो तर सगळी भोकं रफू केलेली, कुठं फाटलं होतं तेही सापडेना. माझ्या वहीत आजही लिहिलेलं आहे: 'सीन सहा, भिकारी, फाटका. सीन सात, तोच भिकारी, नवाकोरा.'

*

प्लेग म्हटल्यावर उंदीर आलेच. मागवाल्यांच्या घरात उंदरांना तोटा नसतो, सुताला लावलेली खळ त्यांना फार आवडते. पण कॅमेरा लावला की एकही बाहेर येईना. शेवटी एका कॉलेजच्या लॅबमधून सहा पांढरे उंदीर दोन दिवसांसाठी आणले. पांढऱ्या उंदरांनी भीती कशी वाटणार? म्हणून मामांचे भाऊ सूत रंगवायचे, त्यांनी ते काळे करून दिले. "बिनधास्त ऱ्हावा. पक्का रंग हाय."

उंदरांनी काम झकास केलं. परत देण्याआधी त्यांना कोमट पाण्यानं आंघोळ घातली. लॅबमधल्या माणसानं पिंजऱ्यावरचं फडकं काढलं आणि पिंजरा उजेडाकडं धरला.

"हे जांभळे का आहेत?"

मामांचे भाऊ ओशाळून म्हणाले, "काळा पैल्या धुण्यात फुटला, सर. आता हे न्हाय जायाचं."

*

परवानगीच्या कचेरीत फॉर्म भरायचा होता. त्यात फिल्मच्या भाषेचा रकाना. आमच्या सीमाभागात हा रकाना भरताना भल्याभल्यांचा हात थांबतो. क्लार्कनं विचारलं, "मराठी का कन्नड?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "डायलॉग फार न्हाईत हो सर. प्लेग हाय. लोक नुसते कण्हतात."

क्लार्कनं पेन कानाला लावलं, विचार केला, आणि रकाना कोरा सोडून शिक्का मारला.

*

निपाणीच्या बाहेर एका पडक्या गोदामात धुरीचा सीन होता. रोग जावा म्हणून गावकरी घरोघर कडुनिंबाचा पाला जाळतात, असा. पाला ओला निघाला. आमचे निपाणीचे बापू तंबाखूच्या वखारीत कामाला. ते म्हणाले, "थांबा, धुराचं मी बगतो," आणि वखारीतल्या झाडलोटीचं पोतं आणून त्यांनी आगीवर रिकामं केलं. ती सगळी तंबाखूची भुकटी!

पुढची दहा मिनिटं जे काही खोकणं, शिंकणं, डोळे चोळणं आणि जमिनीवर लोळणं झालं, तसा अभिनय आमच्याकडून पुन्हा कधी झाला नाही. अण्णा स्वतः नाकाला रुमाल लावून ओरडत होते, "कट करू नको रं प्रकाश!" मग त्यांना छातीत दुखायला लागलं. आम्ही त्यांना उचलून बाहेर आणलं, जिभेखाली गोळी ठेवली. वहिनींना काय सांगायचं ते कुणालाच सुचत नव्हतं. आम्ही त्यांना काही सांगितलं नाही आणि ते चुकलंच आमचं.

*

गाड्याची गोष्ट तर मी कितीदा सांगितली असेल. पूर्वी साथ आली की मरीआईचा लाकडी गाडा करायचे, त्यात देवी बसवायची आणि गाडा गावच्या शिवेपलीकडं सोडून यायचे. रोग त्याच्याबरोबर जातो अशी समजूत. पलीकडचे लोक तो आणखी पुढं ढकलायचे. अण्णांनी असा गाडा प्लायवूडचा केला होता. शूटिंग झालं उचगावच्या पुढच्या एका माळावर. टेम्पो आधीच निघून गेलेला, म्हणून गाडा तिथंच ठेवून आम्ही घरी आलो.

सकाळी गाडा गायब.

पहिल्या गावात विचारलं. "आलता की. ओटी भरली, दहीभात दावला, पोचवला पुढं." दुसऱ्या गावातही तेच उत्तर. स्कूटरवरून फिरत तिसऱ्या गावात गाडा गाठला, तर लोक तो उलटा नेऊ देईनात. देवी मागं फिरत नसते म्हणाले.

अण्णांनी पारावर बसून तासभर समजावलं. हे प्लायवूड आहे, ही मूर्ती मी केलीय, ह्या माझ्या हातांनी. एक म्हातारी सगळं ऐकून म्हणाली, "देव माणूसच करतोय की वो. तुमी न्हाय तर दुसरं कोण करनार?"

शेवटी गाडा टेम्पोत घालून पुढं पुढंच नेत, मोठा वळसा मारून शहापुरात आणला. दारात वहिनी उभ्या. त्यांनी हळदीकुंकू वाहिलं, ओटी भरली, आणि कितीतरी महिन्यांनी आमच्याशी पहिलं वाक्य बोलल्या.

"हितं न्हाय थांबायचं. पुढं न्या."

तो गाडा अजून माझ्या माडीवर आहे.

*

शेवटचा दिवस गुंजीला होता, स्टेशनच्या पलीकडच्या माळावर. ऑपरेशन दुसऱ्याच दिवशी ठरलं होतं. डॉक्टर काय म्हणाले ते अण्णांनी हातरुमालाची घडी करत आम्हाला सांगितलं होतं: उशीर बराच झालाय, खात्री देत नाही.

सीन एवढाच, की माळावर प्रेतांची रांग पडली आहे. वर्षभर क्लोजअपसाठी भांडणारी माणसं प्रेत व्हायला मात्र तयार होईनात. कुणाच्या घरी बारसं निघालं, कुणाची कंबर धरली. अण्णा दगडावर बसून राहिले. इतके दमलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

तेव्हा आमच्यासाठी भाकरी करणारी गुंजीची लक्ष्मीआक्का हात पुसत पुढं आली. "माणूस मेल्याची खोटी बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतंय. एवढं बी ठावं न्हाय व्हय तुमास्नी? मला झोपवा पैलं."

ती झोपली. मग परशुराममामा झोपले, बापू झोपले, टेम्पोचा ड्रायव्हर झोपला. बघता बघता चादरी कमी पडायची वेळ आली.

अण्णा पुटपुटले, "ज्याच्या विरोधात फिल्म काढली, त्याच्याच जोरावर पुरी व्हायलीय बघ."

प्रकाशनं कॅमेरा लावला. त्या दिवशी वहिनी पहिल्यांदाच शूटिंगला आल्या होत्या, डबा आणि गोळ्या घेऊन. त्यांनी उरलेली एक चादर उचलली आणि रांगेच्या शेवटी जमिनीवर नीट अंथरली.

"झोपा," त्या म्हणाल्या.

"अगं, मी डायरेक्टर आहे."

"ठाऊक आहे मला. झोपा."

अण्णांनी आमच्याकडं पाहिलं. त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि ते आडवे झाले. वहिनींनी चादरीचं दुसरं टोक त्यांच्या तोंडावरून ओढलं आणि त्या कॅमेऱ्याच्या मागं येऊन उभ्या राहिल्या.

प्रकाशनं कॅमेरा चालू केला. एक मिनिट झालं, दोन झाली. कट म्हणणारा माणूस चादरीखाली होता. प्रकाशनं हळूच विचारलं, "वहिनी, बंद करू?"

"थांब," वहिनी म्हणाल्या. "अजून जरा असू दे."