स्टुलाला बांधलेली पिशवी

गाठ सुटेना. हे थोड्या अंतरावर छाती धरून बसलेले, सदरा घामाने चिंब, आणि यांची जिभेखाली ठेवायची गोळी या पिशवीत. पिशवीचं तोंड आवळणारी दोरी मीच स्टुलाच्या लोखंडी पायाला गुंडाळून निरगाठ मारलेली. तिच्यावर कुणाचा तरी उसाचा रस सांडला होता. ओल्या सुताची गाठ नखांना दाद देत नाही.

आम्ही सिंगापूरला नुकतेच आलो होतो. मुलगा जहाजावर इंजिनियर, तो समुद्रात. टॅम्पिनीस या तिथल्या उपनगरात आम्हाला फिरवायचं काम सून केतकीकडे. पाठीवरची ही पिशवी तिने मला दिलेली. हातमागाचं सुती कापड, लाल-निळे-पिवळे पट्टे, मधे शंकरपाळ्यासारखी नक्षी. दूर अमेरिकेकडच्या माया लोकांच्या विणीवरून केलीय, म्हणाली. तिकडच्या बायका मागाचं एक टोक झाडाला आणि दुसरं कमरेला बांधून विणतात म्हणे. मी सोलापूरची, मागासाठी सुताच्या कांड्या भरत मोठी झाले. कापड उलटून पाहिलं. वीण घट्ट होती. रंग जरा भडक.

दुपारी हॉकर सेंटर (एका छपराखाली खाण्याचे गाळे) गच्च भरलेलं. इथे सामान ठेवून जागा धरतात आणि खुशाल रांगेत जातात. त्याला 'चोप' म्हणतात. केतकीने पिशवी स्टुलावर ठेवायला सांगितली.

"इथे कोणी नेत नाही, आई."

"नसतील नेत. मी बांधून ठेवते."

"लोक हसतील हो!"

"हसू देत."

तिघं कोंबडी-भाताच्या रांगेत उभे राहिलो. तिथेच हे मटकन खाली बसले.

केतकी यांना धरून फोनवर अँब्युलन्स बोलावत होती. मी पिशवीशी झटत होते. "अहो, डोळे मिटू नका!" तिथूनच ओरडले. तेवढ्यात गाळ्यावरची चिनी बाई कात्री घेऊन धावत आली. इथे मांसाचे तुकडे कात्रीनेच करतात.

"आँटी, मूव्ह, लाह!" आपल्या 'ना'सारखं इथे 'लाह' लावतात.

तिने मला ढकललं आणि तेलकट कात्रीने दोरी कापली.

गोळी जिभेखाली गेली. जरा वेळाने हे पुटपुटले, "अगं, जेवणाचं काय झालं?"

"गप्प बसा."

हृदयविकाराचा झटका होता, इस्पितळात डॉक्टर म्हणाले. यांच्या हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली, हे वाचले. घरी आल्यावर त्या बाईला शेंगाचटणी नेऊन दिली. तिने तिथेच भातावर घेतली, डोळ्यांत पाणी आलं, तरी बोटं चाटली. मग समुद्रकिनारी गेलो. रांगेने उभ्या जहाजांपैकी प्रत्येक आपल्या पोराचंच, असं हे म्हणत होते. एकही नव्हतं.

सोलापुरात लोक विचारतात, सिंगापूर कसं? स्वच्छ आहे, उकडतं, चहा फार गोड. आपल्या वस्तूला तिथे कोणी हात लावत नाही, हे मी पाहिलं. तरी बांधायची सवय या वयात जाणार नाही. गोळी मात्र आता यांच्या खिशात असते.

 हे वाचले.