कोरडं फडकं

आमचे सासरे पोलिसांच्या शस्त्रागारात काडतुसं सांभाळायचे. ऐकायला रुबाबदार नोकरी, पण प्रत्यक्षात बिनखिडकीची खोली, लाकडी पेट्या आणि जन्मभराची पाठदुखी. मी चिडवायचे, "मामंजी, तुमच्यापेक्षा किराणावाल्याला जास्त उजेड मिळतो." ते म्हणायचे, "माझाही किराणाच गं. ओल लागली की माल वाया."

काडतूस म्हणजे काय, हे त्यांनीच मला एकदा जेवता जेवता समजावलं. पितळी नळी, तिच्या पोटात दारू, तोंडाशी गोळी आणि बुडाशी इवलीशी टोपी. खटका ओढला की टोपीवर ठोका बसतो, टोपी पेटते आणि दारूला पेटवते. "डामडौल सगळा गोळीचा, काम टोपीचं," असं त्यांचं म्हणणं. या टोपीचं तेलाशी वैर. तेल आत झिरपलं की ऐन वेळी फुसका बार. म्हणून बंदुका पुसायचं तेलकट फडकं एका खुंटीला आणि काडतुसांचं कोरडं फडकं समोरच्या भिंतीवर. पिस्तुलाची काडतुसं वेगळ्या फळीवर, रायफलीची वेगळ्या. जुना माल आधी बाहेर, चेपलेला बाजूला. ही शिस्त ते माझ्या स्वयंपाकघरातही चालवायचे, डबे जुन्या-नव्याच्या क्रमाने लावून ठेवायचे. मला भारी राग यायचा.

मग सासूबाईंची एक बाजू लुळी पडली. त्यांना कुशीवर वळवणं, भरवणं, पुसणं सगळं मामंजींनी स्वतःकडे घेतलं. मला हात लावू देत नसत. "तुला तुझे व्याप कमी आहेत का?" म्हणायचे. झोप अशी उरलीच नव्हती. उभ्या उभ्या डुलकी लागायची त्यांना.

अशाच एका दुपारी ते जेवायला घरी आले. क्वार्टर शस्त्रागाराच्या मागेच होतं. आधी सासूबाईंचा चेहरा पुसायला बसले. सासूबाई जडावलेल्या जिभेने म्हणाल्या, "आज बंदुका?"

"नाही गं. काडतुसांवर हिरवट डाग आले होते, सकाळी तीच पुसली."

"मग तेलाचा वास कसा?"

मामंजींनी तळहात नाकाशी नेला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. झोपेच्या तारेत त्यांनी भलतंच फडकं घेतलं होतं. पुसलेली काडतुसं लगेच खजिन्याच्या गाडीवरच्या पहाऱ्याला दिली होती. त्या पहाऱ्यात माझा नवरा होता.

"एका दिवसात तेल आत जात नाही बहुतेक," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "टोपीच्या कडेला लाख लावलेली असते."

निवृत्ती तोंडावर आली होती, नोकरीला आजवर डाग नव्हता. मला ते सगळं कळत होतं, तरी माझा तोल गेला. "बहुतेक? अहो, तुमचा मुलगा आहे त्या गाडीत!"

"चौघं आहेत गाडीत," ते म्हणाले आणि पायात बूट चढवले.

साहेबांपुढे उभं राहून त्यांनी चूक सांगितली. गाडी अर्ध्या वाटेतून परत फिरली, आणि तिकडे खजिन्यावाले खोळंबले. चौकशी लागली. ती सगळी काडतुसं मैदानावर झाडून पाहिली. एकूण एक उडाली, एकही फुसकं निघालं नाही. मग काय, म्हातारा घाबरट म्हणून ज्याला त्याला हसायला विषय मिळाला.

माझा नवरा घरी आला तो धुमसतच. "सगळी उडाली, बाबा! चारचौघांत हसं करून घेतलंत."

"उडाली ना? मग झालं तर," मामंजी म्हणाले. मला नवऱ्याचा असा संताप आला की त्या रात्री मी त्याला ताट वाढलं नाही, त्याचं त्यानेच घेतलं.

मामंजींकडून शस्त्रागार काढून घेतलं. राहिलेले महिने त्यांना फाटकावर उभं केलं, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना सलाम ठोकायला. पहिल्या दिवशी पाय सुजवून घरी आले, तसेच सासूबाईंजवळ बसले आणि फडकं भिजवलं. सासूबाईंनी चालत्या हाताने त्यांचा हात ओढून नाकाशी धरला.

"कसलाच वास नाही," त्या म्हणाल्या.

"आता नसणारच."

"परक्याचा हात वाटतो."

हात तसाच सासूबाईंजवळ ठेवून बसल्या जागी मामंजींना झोप लागली. मी ताट झाकून ठेवलं आणि त्यांना उठवलं नाही.