शोषखड्ड्याकाठचे उकिडवे साहेब

महापालिकेचा अधिकारी साइटवर आला की आधी खुर्ची शोधतो, मग सावली, मग चहा. आमचे साहेब आले की थेट खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसत. कडक इस्त्रीची पँट, खिशाला दोन पेनं आणि बैठक मात्र शेताच्या बांधावरची. एकदा बसले की तासभर हलत नसत. खरं आडनाव फायलीवर होतं, साइटवर ते उकिडवे साहेबच. नव्या वॉचमनने तर त्याच्या वहीतही तसंच लिहून ठेवलं होतं.

तेव्हा शहराच्या कडेला, धायरीत, शेतं जाऊन इमारती येत होत्या. आयटीतली मुलं पुढच्या पगारवाढीच्या भरवशावर, अजून उभ्याही न राहिलेल्या इमारतींत फ्लॅट घेत होती. जमिनीवर फरशी आणि डांबर आलं, तसं पूर्वी मातीत मुरणारं पाणी उताराने शेजाऱ्याच्या घरात जायला लागलं. म्हणून महापालिकेने नियम केला, की गच्चीवरचं पाणी आपल्याच आवारात जिरवायचं. त्यासाठी दगड-खडी भरलेला शोषखड्डा हवा. तो नसेल तर भोगवटा पत्र नाही, आणि ते नसेल तर कोणी राहायला यायचं नाही. बहुतेक इमारतींचा शोषखड्डा नकाशावर फार सुंदर दिसे.

साहेबांचा नकाशावर काडीचाही विश्वास नव्हता. "अहो, कागदात पाणी मुरत नाही," असं म्हणून ते खड्ड्यात टँकर रिकामा करायला लावत, मनगटावरचं घड्याळ काढून विटेवर ठेवत आणि पाण्याकडे बघत बसत. मध्ये कोणी गप्पा मारायला गेलं तर विचारत, "आपण बोलल्याने ते लवकर मुरणार आहे का?" माणूस काढता पाय घेई.

मी शनिवार पेठेतली, नुकती डिप्लोमा होऊन एका बिल्डरकडे साइट इंजिनिअर म्हणून लागलेली. आमच्या इमारतीच्या खालच्या अंगाला हौसाकाकूंचं घर होतं. आम्ही प्लॉटचा उंचवटा करून ठेवला, त्या पावसात सगळं पाणी त्यांच्या घरात शिरलं आणि ज्वारीची दोन पोती कुजली. काकू भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पोरी, औंदा पानी आलं तर म्या कुटं जाऊ?" मी छातीठोकपणे सांगितलं, "नाही येणार, काकू. खड्डा केलाय ना." खड्ड्याचा तळ मी पाहिलेलाच नव्हता. खड्डा भरला त्या दिवशी लिफ्टवाल्यांशी भांडण्यात वेळ गेला, आणि 'नकाशाप्रमाणे काम पूर्ण' या कागदावर मी खुशाल सही ठोकली होती.

साहेब तपासणीला आले. टँकर ओतला, घड्याळ विटेवर गेलं. दहा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. पाणी ढिम्म हलेना. शेठ, म्हणजे आमचे बिल्डर, घाम पुसत होते. फ्लॅटवाल्या मुलांचे 'पझेशन कधी?' म्हणून दिवसाला पाच फोन यायचे त्यांना. साहेबांनी पाण्यावरची नजर न काढता मला विचारलं, "खाली खडक लागला का?"

ही सुटायची वाट होती. खडक लागला म्हटलं असतं, तर 'इथे पाणी मुरणं शक्य नाही' असा शेरा पडून फाईल पुढे सरकली असती. साहेबांच्या पाठीमागून शेठ मला 'हो म्हण, हो म्हण' अशी मान डोलावत होते. माझ्या डोळ्यांपुढे काकूंचा चेहरा आला. "साहेब, मला माहीत नाही," मी म्हणाले. "मी न बघताच सही केलीय." नोकरी गेली, हे मी धरूनच चालले होते.

साहेब ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "मीही एकदा केली होती. खालच्या घरात बाळंतीण होती. तिला खाटेसकट उचलून बाहेर काढावं लागलं." मग गुडघे दाबत उठले. "चला, आता तरी बघू."

पाणी उपसलं, वाळू, खडी, दगड सगळं बाहेर काढलं. खाली निघाला गुळगुळीत, चकचकीत सिमेंटचा तळ! आमच्या लिंबाजी मिस्त्रींनी उभा जन्म पाण्याच्या टाक्या बांधण्यात घालवला होता. मातीचा उघडा तळ सोडून जाणं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून त्यांनी आपण होऊन त्याला झकास गिलावा केला होता. वर अभिमानाने म्हणाले, "माज्या हातची टाकी आजवर गळली न्हाय, साहेब." ही टाकी नाही, हे त्यांना सांगणं माझं काम होतं. साहेब खाली उतरले, तळावरून हात फिरवला. "सुरेख काम आहे," म्हणाले. "फोडा."

मिस्त्रींचा चेहरा इतका उतरला, की साहेबांनाच दया आली. "अहो मिस्त्री, आयुष्यात एवढी एक गळू द्या."

तळ फोडला, खाली छान पिवळा मुरूम लागला. दगड-खडी पुन्हा भरली, पुन्हा टँकर आला. या वेळी पाण्यावर बुडबुडे आले आणि बघता बघता कडेची ओली रेघ वर राहून पाणी खाली गेलं. मी सिमेंटच्या पोत्यावर बसून चक्क रडले. शेठनी आठ दिवस उशीर झाला म्हणून मला यथेच्छ झापलं, पण काढलं नाही. साहेबांनी सही केली आणि स्कूटरला किक मारून निघून गेले.

पुढे त्यांची बदली झाली, मग निवृत्ती. परवा ते गेल्याचं पेपरातल्या छोट्याशा चौकटीतून कळलं. मोठा पोरकेपणा वाटला. आणि आठवला तो त्या तपासणीच्या वर्षीचा आषाढातला रविवार. तीन दिवस पाऊस कोसळत होता, खडकवासला धरणातून पाणी सोडलं होतं. मी जीव मुठीत धरून धायरी गाठली आणि काकूंच्या दारात थबकले. आत साहेब होते. सुट्टीचा दिवस, कोणी बोलावलेलं नाही, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. भिंतीच्या कडेकडेने, काकूंच्या खाटेखालीसुद्धा, जमिनीला हात लावून बघत होते.

काकू मला म्हणाल्या, "कवाधरनं बघत्यात. म्हनलं, कोरडी हाय, साहेब, समदी कोरडी हाय. ऐकंनात."

साहेबांनी वर पाहिलं. डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्यांना सुचलंही नाही. "सुटलो हो," म्हणाले. एवढे दिवस मला वाटत होतं, सुटका काय ती आमची झाली.