तुळसाबाईच्या घरातला डोंगर

फुलसावंगीच्या तुळसाबाईने नवऱ्याच्या मागे तीन एकर कोरडवाहू शेती एकटीने केली, पोराला शिकवून पुण्याच्या कारखान्यात धाडलं, आणि या सगळ्यात कुणाचा सल्ला म्हणून घेतला नाही. तिच्या तोंडाला गावातले भलेभले वचकून असत. अशी ही बाई संध्याकाळी सात वाजले, की चार वर्षांच्या नातीपुढे गरीब गाय व्हायची.

नात पायल पुण्याला, त्यामुळे भेट फोनवरच. सुरुवातीला तुळसाबाईला फोन धरायचंच जमेना. पायलला कधी आजीचं नुसतं कपाळ दिसे, तर कधी घरावरची टिनपत्रं. त्यात आवाज असा, की शेजारचे रामराव म्हणत, "वयनी, फोन कायले लावता? तुमचा आवाज तसाच जाते पुण्यापर्यंत."

त्या साली कापसाचा भाव असा कोसळला, की अख्ख्या गावाने माल घरातच भरून ठेवला. तुळसाबाईची आतली खोली पार आढ्यापर्यंत भरली. जानेवारीत एकदा तो ढीग पायलला फोनमध्ये दिसला आणि पोरीने टुमणंच लावलं. फोन लागला रे लागला, की, "आज्जी, डोंगर दाखव."

आजी दाखवायची. पायल डोळे बारीक करून बघायची आणि "आहे अजून" म्हणायची. पोरीला डोंगराचं भारीच वेड दिसतंय, असं आजीला वाटलं. मग तीही रंगवून सांगू लागली, "उन्हाळ्यात ये, न् मार त्याच्यावर उड्या."

मार्च लागला आणि घरातल्या कापसाने रंग दाखवले. तुळसाबाईच्या अंगाला खाज सुटली, हातावर पुरळ उठलं. कापसातल्या बारीक किड्यांचा हा प्रताप. सगळ्या गावात तीच तऱ्हा, माणसं पारावर बसून खाजवत खाजवत भावाच्या गप्पा मारत होती. या घरात पोरगी कशी आणायची? तुळसाबाईने गावात येऊन कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याची, खेडा खरेदीची गाडी बोलावली, तसे रामराव धावत आले. "इकू नका, वयनी. पंधरा दिवसांत भाव चढन."

"तुमचा भाव दिवाळीपासून चढूनच राह्यला, भाऊ. तोवर मायी नात म्हतारी होईन."

कापूस गेला. वर्षाची मेहनत मातीमोल झाली म्हणून तुळसाबाई दोन घटका रडली, खोटं कशाला सांगा? मग उठून तिने खोली झाडली, धुतली, भिंतींना चुना मारला. लख्ख खोलीकडे बघताना मात्र तिला भलतीच काळजी लागली. डोंगरच गेला, आता पोर कशाला येईल? आजी काय, फोनमध्ये रोजच दिसते.

मग बाईने चुकवाचुकवी सुरू केली. एक दिवस नेटवर्क नव्हतं, एक दिवस लाइट नव्हती. तिसऱ्या दिवशी तिने फोन इतका जवळ धरला, की मागचं काही दिसूच नये. "आज्जी, सरक ना," पायल ओरडत राहिली. चौथ्या दिवशी तुळसाबाईलाच स्वतःची लाज वाटली. लेकराशी खोटं बोलणं तिला काही पचेना. तिने फोन मोकळ्या खोलीकडे वळवला.

पायलने डोळे बारीक करून खोलीचा कोपरान् कोपरा बघितला.

"इकला वं बाई," तुळसाबाई हळूच म्हणाली. "डोंगर गेला."

"पप्पा, डोंगर गेला," पायल किंचाळत पळाली. "बॅग काढा, आपल्याला जायचंय."

फोन तिच्या बापाने, संघदीपने घेतला. पोराला हसू आवरत नव्हतं. "माय, जानेवारीत हे पोरगी तुह्याकडं याचं हाये म्हणून रडून राह्यली होती. मले काई सुट्टी नोहोती. मंग सांगून देलं, आजीच्या घरात कापूस हाये, झोपाले जागा नाही, तो गेला का मंग जाऊ. तवापासून रोज पाहे, गेला का म्हणून."

तीन महिने तुळसाबाई भावाची वाट बघत होती, आणि पोर तिची.

बापाच्या हातातला फोन ओढून पायलने तोंड पुढे आणलं. चांगलीच रागावली होती. "मी रोज बघत होते. तू विकतच नव्हतीस."

"चुकलं मायं," तुळसाबाई म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावून हसायला लागली.