मेहुण्याची लवणारी सायकल

माझ्या मेहुण्याइतका डोकं खाणारा माणूस नांदेडपासून चाकूरपर्यंत धुंडाळला तरी सापडायचा नाही. माझ्या बायकोचा हा धाकटा भाऊ. नांदेडला रेल्वेच्या हापिसातून रिटायर झाला आणि कुण्या डॉक्टरनं विकायला काढलेली, डोंगरात चालवायची सायकल घेऊन बसला. नांदेडात डोंगर कुठाय, हे विचारायची सोय नव्हती; विचारलं की तो सायकलचं मागलं अंग सांगायला घ्यायचा. लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्याची पोळी वाकवून दाखवायचा. दाढी करताना न्हाव्याचा हात धरून म्हणायचा, "दुसऱ्या सायकलींना मागं बिजागरी असती, हिला न्हाई. चाकाच्या बाजूचे पाइपच चपटे केलेत. खड्डा आला की ते जरा लवतात, अन् सीटखालचा रबराचा गट्टू दबतो. बोटभर, बास. बिजागरीच न्हाई तर झिजंल काय?" माणसं उठून जायची. शेवटपर्यंत ऐकणारी एकटी माझी बायको. वर मला म्हणायची, "बोलू द्या की. कुणाचं काय खातोय?"

ती गेली. आमच्यात माती देतात. शेतात बांधाजवळ तिची समाधी आहे. तिसऱ्या दिवशी माणसं भेटायला आलेली, आणि हा एका म्हाताऱ्याला लिंबाची ओली काडी वाकवून दाखवत होता. मी ओरडलो, "बहीण मातीत गेली तुझी, अन् तू सायकल सांगून राहिलास?" काडी हातात घेऊन तो गोठ्यामागं गेला, तो लवकर आलाच नाही.

सोमवारी समाधीला पाणी घालायचं, बेल वाहायचा. पण माझी कंबर गेलेली, वाट सगळी ढेकळांची. चालवत नाही, मोटारसायकलवर तर जीव जातो. सोमवार चुकत गेले. जो येतो तो जेवा म्हणतो. जेवून पुढं काय करायचं, ते कुणी सांगत नाही. मग एक दिवस हा बसच्या टपावर सायकल टाकून आला. "दाजी, तुमच्या कंबरेसाठी," म्हणाला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेला.

पाण्याची घागर ठेवायला जागा नव्हती, म्हणून मी लोखंडी कॅरिअर करवून घेतलं. मागच्या चाकापासून सीटच्या दांड्यापर्यंत पट्ट्या गच्च आवळल्या. निघालो तर एकेक ढेकूळ थेट मणक्यात. अर्ध्या वाटेतून परत फिरलो आणि फोनवर मेहुण्याला शिव्या दिल्या.

पुढच्या सोमवारी तो हजर. कॅरिअर बघून त्यानं कपाळावर हात मारला. "दाजी, काय केलंत हो! पाठीला फळी बांधल्यावर माणूस वाकंल का? तिचं लवणंच बंद करून टाकलं की तुम्ही!"

"मग घागर काय डोक्यावर घेऊ?"

"ती मी घेतो. तुम्ही बसा."

पान्यानं कॅरिअर सोडवून त्यानं अंगणात फेकलं. मी पुढं सायकलवर, मागून पायी खांद्यावर घागर घेऊन हा, मानेवरून पाणी सांडत. ढेकळं आली. बुडाखाली काहीतरी दबलं, परत वर आलं. बोटभरच. कंबर दुखली, पण पोचलो.

त्यानं पाणी घातलं, मी बेल वाहिला. मग तो गप्प बसला. ह्या माणसाला गप्प बसलेला मी जन्मात पाहिला नव्हता. मला ते सोसेना.

"सांग की रे तुझ्या अक्काला," मी म्हणालो, "मागलं कसं लवतं ते. ती काय उठून जात न्हाई."

त्यानं बांधावरच्या लिंबाची एक ओली काडी तोडली, वाकवली. "अक्का, हे बघ," एवढंच म्हणाला. काडी तशीच वाकलेली धरून बसला. सोडायचं त्याला सुचेना.