न फाटलेला सदरा

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण मी मधे थांबणार नाही. माझी फजिती मीच सांगणार, आणि मान वर करून सांगणार. दुसरा कोणी सांगेल तर तिखटमीठ लावेल, आणि माझ्या फजितीला त्याची काही गरज नाही.

मी आरमोरीचा मनोहर. झाडीपट्टीच्या नाटकांतला हिरो. दिवाळी ते होळी, गावोगावच्या मंडपांत, तिसऱ्या अंकात मी सदरा फाडतो. खलनायक माझ्या बहिणीला ओढून नेत असतो, मी आडवा येतो, दोन्ही हातांनी सदरा टर्रकन फाडतो आणि उघड्या छातीनं म्हणतो, "चालव गोळी." मग शिट्ट्याच शिट्ट्या. सदरा सहज फाटावा म्हणून आमचे कपडे शिवणारे रफिकभाई समोर कच्चा टाका घालतात. हे प्रेक्षकांना सांगायचं नसतं. तुम्ही घरचे म्हणून सांगितलं.

तर दसऱ्याच्या सुमारास वडशाच्या ऑफिसात आमचे निर्माते बाबारावभाऊ म्हणाले, "मनोहरभाऊ, यंदा तुमी हिरोच्या बापाचा रोल करा. छाती बसली तुमची. आता शोभत नाई."

बाप? मी? ज्याच्या सदऱ्यासाठी अख्खा मंडप उभा राहतो, तो खाटेवर खोकत बसणार? मी तोंडावर सांगितलं, हिरोच्या बापाचा रोल या जन्मी करणार नाही. भाऊ म्हणाले, ठीक आहे, पहिला प्रयोग बघू आणि मग ठरवू.

घरी येऊन रागारागात मोबाईल उघडला, तर समोर जाहिरात. वय चाळिशीपार? अंगात दम नाही? मर्दानी हार्मोन कमी झालंय! शंभर टक्के जडीबुटी, छाती रुंद होणारच. माझं हार्मोन कमी आहे हे त्या मोबाईलला कसं कळलं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. डबा घरपोच आला. त्यावर वाघ. आमच्या जंगलपट्टीत वाघाचं काय कौतुक? पण या वाघाला दंड होते.

बायकोनं, सुनंदानं, डबा उलटासुलटा करून पाहिला. "आत काय हाय त्याचा पत्ता नाई अन् गिळून राह्यले. कोण्या डॉक्टरले विचारा तरी." मी म्हटलं, हिरो विचारत नसतो.

थोड्याच दिवसांत झोप उडाली, डोकं ठणकायला लागलं, आणि शेचाळिसाव्या वर्षी तोंडावर पुटकुळ्या आल्या. मी खूश. तारुण्य परत येणार तर पुटकुळ्या घेऊनच येणार ना?

पुढे रफिकभाईंनी नव्या सदऱ्याचं माप घ्यायला छातीला टेप लावला आणि थबकले. "भाऊ, छाती वाढली गा."

बस्स. मी पुन्हा टेप लावायला लावला. चौकात सांगत सुटलो. रफिकभाई हळूच म्हणाले होते की वाढली खरी, पण समोरूनच वाढली. ऐकतो कोण? मी त्याच दिवशी कॅप्सूल दुप्पट केल्या.

मग एकदा तालमीत बहीण झालेली नटी रडत रडत माझ्या गळ्यात पडली, आणि तिच्यापेक्षा मीच जोरात ओरडलो. छाती हात लावू देईना, इतकी दुखत होती. सुनंदानं धरून गडचिरोलीला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हार्मोन कमी आहे असं कोणी सांगितलं, रक्त तपासलं होतं का? मी म्हटलं, मोबाईलनं सांगितलं. त्यांनी रक्त तपासलं, रक्तदाब मोजला आणि भुवया वर गेल्या. त्यांचं म्हणणं असं, की डब्यावर जडीबुटी लिहिलंय, पण आत हार्मोनचंच औषध मिसळलेलं दिसतंय. ते बाहेरून फार आलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, आणि जास्तीचं बदलून बायकांचं हार्मोन होतं.

"म्हणजे ही छाती..." मी म्हणालो.

"दंडबैठकांची नाही," बाई म्हणाल्या. "कॅप्सूल आजपासून बंद. सूज उतरायला वेळ लागेल."

मी कंपनीला फोन लावून कडाकडा भांडलो. पलीकडची पोरगी शांतपणे म्हणाली, "सर, छाती बढेगी लिखा था. बढी ना?"



पहिला प्रयोग सिंदेवाहीजवळच्या गावात. बाबारावभाऊ पुढच्याच रांगेत. सदरा फाडला नाही तर बापाचा रोल पक्का, आणि फाडला तर सगळ्या गावाला काय दिसणार ते तुम्हाला माहीत आहे. सुनंदा म्हणाली, बापाचा रोल घ्या, शाल पांघरून बसा. रफिकभाईंनीही विनवलं. मी कोणाचं ऐकणार? छाती माझी, सदरा माझा. फाडणार म्हणजे फाडणार.

तिसरा अंक. मी आडवा आलो, दोन्ही हातांनी सदरा धरला आणि ओढला.

फाटेना.

पुन्हा ओढला, दात खाऊन ओढला. शिवण जागची हलेना. खलनायक बंदूक रोखून वाट बघतोय. ज्या बहिणीला वाचवायचं ती स्वतःच हात सोडवून मदतीला आली आणि एक बाजू धरून ओढायला लागली. तेवढ्यात मागून एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "भाऊ, बटनं खोला ना."

मंडप असा हसला की खलनायकही पाठ फिरवून हसत उभा राहिला.

आत जाऊन मी रफिकभाईंची कॉलर धरली.

"तुमी कोणाचं ऐकतच नव्हते," ते म्हणाले. "म्हणून पक्का शिवला. डबल टाका."

"भर मंडपात माझी इज्जत गेली, रफिकभाई."

"गेली, भाऊ. पण झाकून गेली."

मागोमाग बाबारावभाऊ डोळे पुसत आत आले. ते तोंड उघडायच्या आतच मी बजावलं की बाप करणार नाही. ते म्हणाले, "बाप कोण मांगते? हेच करा. प्रत्येक गावाले, असंच."

छाती आता उतरली आहे. वाघाचा डबा मी स्वतः गटारात रिकामा करून फेकला. सदरा अजून डबल टाक्याचाच असतो, आणि मी जीव तोडून ओढतो. पोस्टरवर हिरो म्हणून दुसराच पोरगा असतो, माझ्या फोटोखाली 'विनोदाचा बादशहा' असं छापतात. छापू देत. हिरोच्या बापाचा रोल या जन्मी करणार नाही असं मी बाबारावभाऊंना सांगितलं होतं, आणि आजपर्यंत केलेला नाही.

काकाचा करतो.